आठव्या घराचा शिक्का

१२ ऑक्टोबर, रविवार

आले एकदाची. बसमधून उतरले आणि समोर गवती छपरांची सात घरं, मागे लाल-पिवळा डोंगर. जीव हरखला. हे गाव मुळात इथलं नाही. खालच्या खोऱ्यात धरण झालं तेव्हा घरं सोडवून, एकेका वाशावर आकडा घालून इथे आणली आणि जशीच्या तशी पुन्हा उभी केली. आता लोक तिकीट काढून बघायला येतात.

माझं काम म्हणजे रोज सकाळी सातही घरांतली जमिनीतली चूल पेटवायची आणि दिवसभर राखायची. धूर लागला नाही तर छपराचं गवत कुजतं. एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, आता धूर खायचा. व्यवस्थापक ओनोदेरा-सान यांनी सातव्या घरामागची खोली दिली आहे. खिडकीवर तिकिटं देतात त्या किनुयो-सान, पंचाहत्तरीच्या, मूळच्या त्या बुडालेल्या गावच्या. पोस्टातली बाई म्हटल्यावर म्हणाल्या, की चूल पेटेल खरी, पण आधी ही तिच्याकडून अर्ज भरून घेईल. बाई मला आवडली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हात काळे, डोळे लाल, तब्येत उत्तम. निळा जाडाभरडा सदरा आणि डोक्याला फडकं बांधून चुलीशी बसले की लोक फोटो काढतात. एकीने विचारलं, तुम्ही इथल्याच का? मी हो म्हणून टाकलं. तिला बरं वाटलं, मलाही.

लेकीचा, नात्सुमीचा फोन आला. बाळंतपणाची बारा नोव्हेंबर तारीख दिली आहे. जावई मालवाहू जहाजावर, जानेवारीपर्यंत यायचे नाहीत. मी पाच तारखेला तिच्याकडे जाणार, गाडीचं तिकीट आरशाला खोचून ठेवलंय. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी पोस्टात वर्षअखेरची कामं उरकत होते आणि पोर दवाखान्यात एकटी होती. तिने कधी बोलून दाखवलं नाही, ते जास्त लागतं. या वेळी मी तिच्या उशाशी असणार.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज गंमत झाली. सातव्या घराच्या दाराला वस्तीची फिरती पाटी लटकत होती. आमच्या गल्लीत येते तशीच: सूचना वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची. कागदावर लिहिलं होतं, की रविवारी गवत कापायचंय, कोयते आणावेत, आणि या महिन्यात चुलींची पाळी कोणाची. खाली सात घरांची नावं आणि सात फिकट शिक्के. आठवी चौकट मोकळी होती.

मोकळी चौकट दिसली की माझा हात थांबत नाही. पिशवीतून माझ्या आडनावाचा शिक्का काढला, फुंकर घातली, मारला. कुवाबारा. सरळ उमटला. मग पाटी पहिल्या घराला अडकवून आले. ओनोदेरा-सान यांनी पाहुण्यांसाठी केलेली सजावट असणार, झकास केली आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ओनोदेरा-सान म्हणतात, अशी पाटी आपल्याकडे नाहीच. पहिल्या घराला काही लटकत नव्हतं.

किनुयो-सानना सांगितलं तर त्यांनी आधी थट्टा केली, मग हातातला चहा खाली ठेवला. नुसती वाचलीस की शिक्का मारलास, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. गाव सोडताना ठरलं होतं म्हणे, की पाटी एकदा शेवटची सगळ्यांकडे फिरवायची आणि मग वस्ती मोडली असं धरायचं. ती फिरायला निघाली, पण परत आलीच नाही. पाणी चढलं, लोक निघून गेले. म्हणजे वस्ती मोडली नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पाटी माझ्या खोलीच्या दाराला होती. नवा कागद. चुलींची पाळी: कुवाबारा. माझ्याखाली आणखी एक मोकळी चौकट.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. भाजी आणायला बाजारात निघाले. फाटक ओलांडलं आणि पुढचं पाऊल पहिल्या घराच्या उंबऱ्याच्या आत पडलं. वाटलं, तंद्रीत वळले असेन. पुन्हा गेले. पुन्हा तेच, आणि या वेळी हातात चिमटा. भर दुपार होती, ऊन स्वच्छ होतं.

चार वेळा गेले. मग चुलीशी बसले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

किनुयो-सानने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही फाटकातून निघालो. त्या रस्त्यावर पोचल्या. मी चुलीसमोर. नंतर रडत आल्या, म्हणाल्या की माझा हात पाण्यासारखा निसटला.

जुना नियमही त्यांनीच सांगितला. ज्याच्याकडे चुलींची पाळी, त्याने गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढच्याचा शिक्का पडला की आधीचा सुटला. मी म्हटलं, पुढचं कोण? त्या म्हणाल्या, तेच तर, बाई, आता राहिलंय कोण.

चुलींवर पाणी ओतलं. सकाळी सातही पेटलेल्या.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज एक मास्तरीणबाई आल्या. प्रत्येक ठिकाणचा ठसा वहीत जमवतात. विचारलं, इथला शिक्का कुठे मारायचा? पाटी माझ्या हातात होती. इथे तुमच्या नावाचा मारा, म्हणून पुढे केलीही होती. त्यांनी पर्स उघडली. त्यांचा शिक्का बाहेर येईपर्यंत मी बघत राहिले.

मग पाटी मागे घेतली आणि चुकीची आहे म्हणाले. आपण इतक्या हलक्या निघू असं वाटलं नव्हतं. लाज वाटते. आणि मागे घेतली याचा पस्तावाही होतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

गाडी गेली. नात्सुमीला सर्दीचं सांगितलं, बाळाला नको लागायला म्हणून थांबलेय. ती म्हणाली, असू दे आई, मला सवय आहे.

सवय आहे म्हणाली.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाटी चुलीत घातली. राख होईस्तोवर बसले. तासाभराने दाराला. तीच. मोकळ्या चौकटीत आता शाई भरतेय, अक्षरं अजून लागत नाहीत —

९ नोव्हेंबर, रविवार

पाटी नाही. सातही घरं पाहिली, परसं पाहिली. कुठेच नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

नात्सुमीचा निरोप फोनवर. आई, दाराला वस्तीची पाटी आलीय. गंमत बघ, माझ्या वर तुझंच नाव. मारते शिक्का आणि देते शेजारी.

मीच शिकवलंय. पाटी घरात ठेवायची नाही, आली की शिक्का मारून पुढे द्यायची. लहानपणापासून —

फोन उचलत नाही. लिहिलं, मारू नकोस. सात वेळा लिहिलं. वाचत नाहीये —

दुपार

मी रस्त्यावर आहे.

चुलीशी होते. उठले, फाटकाकडे चालत गेले, आणि बाहेर आले. बसथांबा समोर आहे. पाय माझे ऐकताहेत. मला हे नकोय.

तिचा फोन आला. कळा सुरू झाल्या. टॅक्सी दारात उभी होती, ती पिशवी घेऊन निघाली, आणि उंबरा ओलांडला तर — म्हणते, आई, इथे जमिनीत चूल आहे, धूर आहे, हे कुणाचं घर, मला दार सापडतंय पण बाहेर —

मी आत धावले. फाटक ओलांडलं. समोर बसथांबा.

पुन्हा. बसथांबा.

किनुयो-सान आत गेल्या आहेत. सगळी घरं पाहिली, कुणी नाही म्हणतात. पण ती ओरडतेय, मला इथे ऐकू येतंय, पहिल्या घरातून — आई म्हणून —

सातही छपरांतून धूर. पुन्हा जाते. पुन्हा बसथां