नर्सबाई निजून आहेत

धुळे, मार्गशीर्ष, सन १९३८

प्रिय ताजबी,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल, हसू नकोस. उशीला टेकून, मांडीवर पाटी घेऊन लिहिते आहे, आणि पाटीला मांडीवर पूर्वीइतकी जागा राहिलेली नाही. ओळखलंस ना? होय गं, मला दिवस गेले आहेत, पाचवा चालू आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, केसांत पांढरं डोकावू लागलं, तेव्हा कुठे देवाला आमचं घर सापडलं! भडगावच्या दवाखान्यात तू टाळी वाजवली असशील, ती मला इथे ऐकू आली.

दोन महिने झाले, मी खाटेवरच आहे. खिडकीतून कडुनिंब दिसतो. दुपारी त्याची सावली भिंतीवर हलत राहते, डोळे जड होतात, झोप की जाग तेच कळत नाही. मग तुमचा वर्ग दिसू लागतो. तुम्हा सुईणकाम शिकणाऱ्या मुलींच्या पोटाला मी सरकीच्या पिशव्या बांधल्या होत्या, आठवतं? आमच्या ह्यांनी कापसाच्या जिनातून पोतंभर सरकी आणली, तेव्हा तिथल्या मुकादमाने विचारलं होतं, म्हैस कधी घेतलीत म्हणून. त्या पिशव्या बांधून तुम्ही झाडलोट करायची, जातं ओढायचं, पांझरेच्या वाळूतून चालायचं. गरोदर बाईला चालाफिरायला सांगायचं, तर तिच्या कमरेला काय होतं ते आधी आपल्या कमरेला कळायला हवं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. तुमच्यातली यशोदाबाई एकदा खाली बसली ती उठेचना. आणि तू भर गल्लीतून अशी ऐटीत चाललीस की तांबोळीण तुझ्या सासूकडे मिठाई मागायला गेली!

चुकाही काय एकेक केल्या आपण. निंबा गड्याची बायको कापूस वेचायला जाणारी, तिला यशोदाबाईने रोज संध्याकाळी फिरायला जा म्हणून बजावलं. तर ती म्हणाली, “बाई, दिनभर वावरमाच चालस मी, आखो कितलं चालू?” यशोदाबाई रडवेली होऊन परत आली. त्या दिवशी मीही नवा धडा शिकले, की कोणाला चालायला सांगायचं याच्या आधी कोणाला बसायला सांगायचं ते बघावं. उलट रमजान अत्तारवाल्याच्या घरी सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हते, तिथे तू वाद घातलाच नाहीस. “अम्मा, अंगन में तो चलने दो,” एवढंच म्हणालीस, सुनेचा हात धरलास आणि सासूला कैरीच्या लोणच्याचं विचारत विचारत अंगणात फेऱ्या मारत राहिलीस. मसाल्याचं प्रमाण सांगण्याच्या नादात सासूबाई स्वतःही तुमच्याबरोबर फिरल्या. मी दारात उभी राहून तोंडाला पदर लावला होता.

हल्ली एकच स्वप्न पडतं. फुटलेल्या कपाशीचं रान आहे, पांढरं, पार नदीपर्यंत. त्यातून तुम्ही सगळ्या चालला आहात, तुमच्यामागे आणखी बायका, ओळखीच्या, बिनओळखीच्या, सगळ्यांची पोटं पुढे आलेली आणि कोणालाच घाई नाही. कोणी गुणगुणतंय, कोणी कापसाचं बोंड कानाला लावून बघतंय. इतकं छान वाटतं की आपणही मिसळावं. मी पाऊल उचलायला जाते आणि पाऊल उचलत नाही. जाग येते तेव्हा माझे दोन्ही हात पोटावर असतात.

तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. वर्ग सुरू होण्याआधी माझी दोन गेली. दुसऱ्या खेपेला मी एका अडलेल्या बाईकडे चालत निघाले होते, पुलावरच कळ आली. ते चालण्यामुळे झालं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाही सांगितलं आणि या खेपेलाही. सगळं ठीक आहे, सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरा, म्हणाल्या. मी मान हलवली, घरी आले आणि आडवी झाले. मला सगळं कळतं गं, पण पायांना पटत नाही. मला भीती वाटते, ताजबी, फार भीती वाटते. घरात कोणी कारण विचारलंही नाही. सासूबाई ह्यांच्या वेळी अगदी आदल्या दिवसापर्यंत निंदणीला जात होत्या. त्या एकदा म्हणाल्या, “पोर, ऊठ ना, जराखा फिरी ये.” मी डोळे मिटून घेतले. तेव्हा त्याच हळूच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, तू शिकेल शे, तुलेच समजस.”

आता आजच का लिहिलं, ते सांगते. शेजारचे कापसाचे दलाल मोतीलालभाऊ, त्यांची सून कुंदा सातव्या महिन्यात आहे. दिवाळीपर्यंत ती माझ्या नव्या विद्यार्थिनींबरोबर रोज नदीपर्यंत चालत जायची, हसत परत यायची. आज सकाळी तिची सासू खिडकीशी आली आणि मोठ्या कौतुकाने सांगू लागली, की महिना झाला, आम्हीसुद्धा कुंदाला खाटेवरून उतरू देत नाही. नर्सबाई स्वतःच निजून आहेत, म्हणजे तेच खरं असणार. गल्लीतल्या आणखी दोघींना त्यांच्या सासवांनी असंच निजवून ठेवलंय म्हणे. कुंदाचे पाय सुजलेत, ती एकसारखी रडते. मी ओरडलेच, आधी तिला उठवा, डॉक्टरीणबाईंना दाखवा! तर ती हसून म्हणाली, तुम्ही आपली काळजी घ्या बाई. निजलेल्या बाईने इतरांना ऊठ म्हटलं, तर कोण ऐकणार? तेव्हा तू ये. चाळीसगावहून धुळ्याची गाडी आहे, मिळेल त्या गाडीने नीघ. आल्यावर चहासुद्धा घेऊ नकोस. मला उठव आणि सगळ्यांच्या दारांवरून, सगळ्या सासवांना दिसेल अशी, चालवत कुंदाच्या घरी घेऊन चल. मी नको म्हणेन, रडेन, तुझी गुरू असल्याचा धाक घालेन. माझं अजिबात ऐकू नकोस.

दाराकडे डोळे लावून बसलेली
तुझीच
प्रमिलाअक्का