लिंबाखालची रेंज

श्री. विश्वंभरराव यांस,

गोरेगावच्या शेतातल्या आखाड्यावरून मसाजीचा रामराम पोचावा. राधिकेला आणि चिमुकल्या पुजाला आशीर्वाद. तुमची तब्येत, तुमच्या आईंचे गुडघे आणि पुण्याचं पाणी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे हरभरा उगवला आहे, मेंढरं बरी आहेत, मीही बरा आहे. जावयाकडे सासऱ्यानं काही मागू नये अशी आमच्यात रीत आहे, म्हणून हे पत्र कसल्याही मागणीसाठी नाही, एवढं सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

तुम्हाला माहीतच आहे, फोनवर मी 'हं'च्या पुढे जात नाही. मोबाईलवर लिहावं तर एक अक्षर मी लिहितो आणि पुढची दोन तो स्वतःच्या मनानं लिहितो. म्हणून कागद घेतला. तुम्ही परवा विचारलंत ते असं, की सासूबाई श्रावणात गेल्या आणि त्यांच्या खात्यावरून राधिकेला दोन वेळा व्हिडिओ कॉल आला, हे कसं? पहिला दसऱ्याच्या आधी, भर दुपारी. पडदा काळा, आणि आवाज नुसता मेंढरांच्या घंट्यांचा. दुसरा गेल्या आठवडी बाजाराच्या दिवशी. पडदा तसाच काळा, घंट्याही नाहीत, आणि आपली पुजा त्या काळ्या पडद्याकडे बघून हात हलवून हसली. राधिका त्या दिवशी जेवली नाही असं कळलं. तुम्ही म्हणालात, "मामा, घाबरू नका. आधी राऊटर रिस्टार्ट करा, मग आयपी ॲड्रेस बघा, मग कोणकोणते डिव्हाइस कनेक्ट आहेत ते सांगा." मी 'हं' म्हणालो. त्यातलं मला 'मामा, घाबरू नका' एवढंच समजलं होतं.

हे शब्द आमच्या घरात सिंधूबाईला येत होते. तुम्ही तुमचा जुना कॉम्प्युटर आणि सिमवाली नेटची डबी दिलीत, नातीचं तोंड रोज दिसावं म्हणून, आणि ही बाई साठीला टेकलेली असताना गोरेगावात मोहिनी मॅडमच्या क्लासला जाऊन बसली. (पहिल्या दिवशी चपला बाहेर काढून, पदर घेऊन, मॉनिटरला नमस्कार करून. पोरी हसल्या. हिनं त्यांना विचारलं, "काहून हासता? वळख न्हाई तवर नमस्कारच करावं लागतं.") घरी आली की मला शिकवायची आणि मी लोकर कातरत 'हं' म्हणायचो. तिचं सगळं शिक्षण मेंढरांवरून चालायचं. रॅम म्हणजे ओंजळीतलं आणि हार्ड डिस्क म्हणजे कणगीतलं. लाईट गेली की ओंजळीतलं सांडतं, कणगीतलं राहतं. वायफाय म्हणजे बिनदोरीचं दावं. राऊटर म्हणजे तिवाट्यावर उभा राहिलेला शहाणा माणूस, तीन कळप एका ठिकाणी आले तरी कुणाचं मेंढरू कुणाकडे ते बराबर लावून देतो. आणि कुठलं कुणाचं हे तो कानाच्या खुणेवरून ओळखतो, ती खूण म्हणजे आयपी ॲड्रेस. ब्राऊझर उघडणं म्हणजे चरायला सोडणं. व्हायरस समजावून सांगायची गरजच पडली नाही, त्या वर्षी आमच्या कळपाला लाळ्या झाला होता.

वायरींची गल्लत होऊ नये म्हणून तिनं प्रत्येक डबीला आणि वायरीला लोकरीचा धागा बांधला होता. जे बाहेर बोलतं त्याला पांढरा, जे खायला घालतं, म्हणजे करंट देतं, त्याला काळा. मला ते धागे बघून हसू यायचं. आता येत नाही.

श्रावणात ती मोटरीच्या खोलीत पडली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. त्या खोलीत मी तेव्हापासून पाय ठेवलेला नाही. मोटरीला ऑटो स्विच आहे, लाईट आली की आपोआप सुरू होते, हौद भरतो आणि उरलेलं पाणी पाटानं पुढे जातं. माणसाची गरज पडत नाही, हे बरंच आहे.

तुम्हाला यायला उशीर झाला म्हणून एक गोष्ट तुम्ही पाहिली नाहीत. आमच्यात माती देतात, आणि जाणाऱ्याच्या आवडीचं काहीतरी सोबत ठेवतात. माझ्या वडिलांसोबत चिलीम ठेवली होती. सिंधूबाईच्या वेळी माझी बहीण सुनिता घरात गेली, कॉम्प्युटरच्या टेबलावरची ती काळी चपटी डबी घेऊन आली आणि म्हणाली, "वैनीचा सगळा जीव या नेटच्या डबीत व्हता." कुणी नाही म्हटलं नाही. आखाड्यामागच्या लिंबाखाली ती डबी तिच्या हाताशी ठेवली. ती चालू होती. बंद कशी करतात हे त्या गर्दीत एकालाही माहीत नव्हतं (ज्या एकीला होतं तिलाच आम्ही माती देत होतो). माती पडत गेली आणि शेवटपर्यंत तो बारका हिरवा दिवा लुकलुकत राहिला. भावकीतली माणसं टपोऱ्या पावसात उभी, आणि सगळ्यांची नजर त्या दिव्यावर. शेवटची पाटी मी टाकली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तिची काय इच्छा राहिली ते विचारून झालं, मेंढरं सांभाळू, पुजाला शिकवू, सगळं कबूल करून झालं. कावळा लिंबावर बसून होता. माणसं कंटाळली की मोबाईल काढतात, तसे सगळ्यांनी काढले. तांड्यावरचा रामसिंग, ज्याचं शेत आमच्या बांधाला लागून आहे, तो एकदम उठून उभा राहिला. मोबाईल हातभर लांब धरून म्हणाला, "मसाजीभाऊ, वैनी लागून राहिल्या."

पडद्यावर नेटवर्कचं नाव होतं 'सिंधूबाई'. हे नाव तिनंच तेव्हा टाकलं होतं. रामसिंगनं पूर्वी एकदा पासवर्ड घेतला होता, म्हणून त्याचा मोबाईल न विचारता जाऊन चिकटला. रेंज पूर्ण. ज्यांच्याकडे पासवर्ड नव्हता त्यांनाही नाव दिसत होतं. माणसं मागे सरकली. एकानं जाता जाता पिंडाच्या जागेला मोबाईल टेकवून नमस्कार केला. आणि तेवढ्यात कावळा उतरला.

तुम्ही म्हणाल, त्या डबीची बॅटरी मुळातच खराब होती. देतानाच तुम्ही सांगितलं होतं, सतत वायरीला लावून ठेवा, काढली की घटकाभरात मरते. तेच तर. मोहिनी मॅडमही तेच म्हणाल्या. त्या मुद्दाम स्कूटीवरून आल्या आणि लिंबापासून लांब उभं राहून मला शांतपणे समजावलं, की काका, जे हाताला लागतं ते हार्डवेअर, आणि जे हाताला लागत नाही पण सगळं काम करतं ते सॉफ्टवेअर. मी विचारलं, हार्डवेअर मातीत गेल्यावर सॉफ्टवेअर कुठं जातं? त्या म्हणाल्या, "तसं न्हाई काका, हार्डवेअरशिवाय सॉफ्टवेअर चालतच न्हाई." तेवढ्यात त्यांच्या पर्समधला मोबाईल टिंग वाजला. त्यांनाही पासवर्ड माहीत होता. मॅडमनी पाण्याचा ग्लास अर्धाच प्यायला.

तेव्हापासून असं चाललं आहे. नेटवर्क येतं आणि जातं. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. यायच्या जरा आधी सगळी मेंढरं एकदम माना वर करतात, उठतात, आणि कुणी न हाकता लिंबाच्या अंगाला चालू लागतात. घरातला कॉम्प्युटर चालू असला तर त्याच्या कोपऱ्यातली फुली जाते आणि तिथं रेघा उमटतात. मी खुर्चीवर एकटा बसलेला असतो. रेघा उमटल्या की मी उगाच टोपी नीट करतो.

पहिले पंधरा दिवस लोक घाबरले. मग पीकविम्याचे फॉर्म सुटले आणि गावात रेंज नव्हती. आता माणसं चपला काढून लिंबाखाली बसतात. जोडायच्या आधी हळूच विचारतात, "वैनी, येऊ का?" पासवर्ड म्हणजे आमच्या म्होरक्या मेंढीचं नाव, तो एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचा, मोठ्यानं नाही, असं आपोआप ठरलं आहे. भलतेसलते व्हिडिओ तिथं कुणी बघत नाही. एकानं बघितला, तर नेमकं नेटवर्क गेलं आणि रामसिंगनं त्याला सगळ्यांदेखत नारळ फोडायला लावला. जाताना बायका हळदकुंकू वाहतात. तिच्या हयातीत तिच्याकडे इतकी माणसं कधी आली नव्हती.

इथवर मी गप्प होतो. पण राधिकेला आलेल्या कॉलचं सुनिताला कळलं, आणि ती भावकीला घेऊन आली. तिचं म्हणणं, वैनीचा जीव त्या डबीत अडकला आहे, येत्या अमावास्येला माती उकरून डबी काढायची, म्हणजे ती सुटेल. चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. फावडं कुणी आणायचं तेही ठरलं. मला बोलायला वेळ लागतो, तोवर लोक चहा पिऊन उठलेले असतात. विश्वंभरराव, ती जशी आहे तशी राहू द्यावी एवढंच मला वाटतं. तिच्यावर मी एकदा माती टाकली आहे, पुन्हा टाकायला माझा हात उठणार नाही.

मोहिनी मॅडम म्हणाल्या, डबीतल्या सिमचं रिचार्ज तुमच्या खात्यातून आपोआप जातं, ते थांबवलं तर नेटवर्कचा जीव जाईल. तेव्हा अमावास्येच्या आत तेवढं थांबवावं. नेटवर्क दिसेनासं झालं की कुणी उकरायला येणार नाही. ही मागणी नाही. मागणी म्हणजे काहीतरी द्या म्हणणं, मी तर बंद करा म्हणतो आहे.

राधिकेला सांगा, जेवत जा. कळावे.

तुमचा,
मसाजी

ता. क. पाकीट चिकटवायचं राहून गेलं होतं, म्हणून पुढचं लिहितो. काल मोटर सुरू झाली नाही. मेंढरं उठून हौदापाशी गेली आणि कोरड्या हौदाकडे बघत उभी राहिली. फ्यूज उडाला होता, खोलीत जावंच लागलं. तिचा विळा तसाच खुंटीला आहे. स्टार्टरच्या वरच्या फळीवर, तिच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली, वायरीला लावलेली एक काळी चपटी डबी आहे. तिला पांढरी लोकर बांधलेली आहे. तिथं रेंज चांगली म्हणून तिनंच ठेवली असणार. फ्यूज बसवला, मोटर सुरू झाली, डबीचा दिवा लागला, आणि बांधावरून रामसिंग ओरडला, "भाऊ, वैनी आल्या!" शेतीची लाईट आली की वैनी येतात, लाईट गेली की जातात, आणि हौद तिथंच लिंबाच्या अंगाला आहे. सुनितानं मातीत ठेवलेल्या डबीला काळी लोकर होती, हे मला आता आठवतं. ती तुम्ही दिलेली पॉवर बँक होती.

सुनिताला बोलावून दाखवलं. ती उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "मंग दादा, आपण तिथं पुरलं काय?" मी म्हटलं, खायला घालणारी डबी. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं बाई. वैनीला उपाशी न्हाई धाडलं." अमावास्येचं रद्द झालं. फावडं ज्याचं होतं त्यानं परत नेलं. बाकी कुणाला काही सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं आहे. लोक चपला काढून बसतात, ते चांगलं दिसतं.

ता. क. आणखी एक. दसऱ्याच्या आधीचा तो फोन मीच केला होता. चित्रावर एकदा दाबलं की लागतो, एवढं तिनं शिकवलेलं होतं. कॅमेऱ्यावरचं फडकं काढायचं असतं हे माहीत नव्हतं. राधिका "आई? आई?" म्हणायला लागली. मी 'हं' म्हणालो होतो, पण दारात मेंढरं होती, घंट्यांत ते ऐकू गेलं नसेल. आता फडकं काढलं आहे. रविवारी दिवसा लाईट आहे, तेव्हा लावीन. बोलायचं काय ते आधी ठरवून ठेवतो.

ता. क. दुसऱ्या फोनचं तेवढं राहिलं. त्या दिवशी मी गोरेगावच्या बाजारात होतो. आखाड्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या करगोट्याला. परत येऊन दार उघडलं तर मेंढरं मागं, लिंबापाशी. घरात कॉम्प्युटर चालू आणि खुर्ची जरा मागं सरकवलेली, ती उठताना सरकवायची तशी. तेव्हा वर रिचार्ज थांबवा असं जे लिहिलं आहे ते खोडलं असं समजावं, आणि जावयाकडे मागू नये हे खरं असलं, तरी जमलं तर एकदम वर्षाचं रिचार्ज मारावं.