चाळणीखालचा चाकू

तीर्थरूप दादास,

तुझ्या भित्रीबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतोस ना? (धरत नाहीस, वहिनींनी फोनवर सांगितलं. निवृत्त न्यायाधीशाने कठडा धरला तर कायद्याचा अपमान होत नाही, एवढं कुणीतरी तुला लेखी द्यायला हवं.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. यांचा रक्तदाब वयाला शोभेल असा आहे. माझी भूक गेली आहे, पण ते पुढे येईलच. मनगटावरचं घड्याळ अजून वीस मिनिटं मागेच चालतं. कोपऱ्यावर घड्याळजी असताना हे दुरुस्त का करून घेत नाहीस, असं तू मागच्या खेपेला विचारलंस आणि मी "वेळ मिळत नाही" म्हणाले. (अकरा वर्षं वेळ न मिळालेल्या साक्षीदाराची तू कोर्टात काय गत केली असतीस, मला ठाऊक आहे. बहीण म्हणून सुटले.)

फोन केला नाही, कारण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतोस आणि माझा मुद्दा तिथेच घाबरून पळून जातो. पत्राला मध्येच कुणी अडवत नाही. म्हणून बसले लिहायला. तेही स्वयंपाकघराच्या ओट्याशी, उभ्यानेच, कारण जेवणाच्या टेबलाशी आठ दिवस आम्ही कुणी बसलेलो नाही. टेबलावर एक उघडा चाकू आहे.

माझ्या चाकूंबद्दल तू ऐकून आहेस. पाहिलेले नाहीस (ते मी मुद्दाम होऊ दिलं नाही). मोजून एक्केचाळीस, सगळे जुन्या पद्धतीचे, घडीचे, खिशात मावणारे. काळ्या शिंगाच्या मुठीचे सहा, पिवळट हाडाचे चार, शिसवीचे, अक्रोडाच्या लाकडाचे, एक पितळेचा, एक निळ्या मिन्याचा, एक लालभडक बेकलाइटचा, ज्याच्याकडे पाहिलं की मला लहानपणच्या गोळ्या आठवतात, आणि एक हिरवट, काचेसारखा, कशाचा आहे ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. लोकांना वाटतं, बाई मोठी धीट असणार. दादा, खरं सांगू? यातला एकही मी आजवर उघडलेला नाही. घरात कांदा हे चिरतात. टपालाचं पाकीट मी चमच्याच्या दांड्याने फोडते. दुकानदार "पातं तर बघा" म्हणून नख घालायला लागला की "नको, नको, विश्वास आहे" म्हणत मी दाराकडे सरकते. मला मुठी आवडतात. पात्याशिवाय मूठ मिळत नाही, त्याला मी काय करू?

हे वेड आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या शिवणाच्या सिस्टरनी लावलं. तुला त्या आठवणार नाहीत. तुझी शाळा मुलांची. त्यांच्या कमरेला काळ्या गोफाने बांधलेला एक छोटा चाकू असे, शिंपल्याच्या मुठीचा. अख्ख्या वर्गाच्या पेन्सिलींना त्याच टोक करून देत. आठवडाभर शहाण्यासारखं वागलेल्या मुलीला शुक्रवारी तो चाकू, मिटलेला, हातात धरायला मिळे. मला तो धरायचीही भीती वाटली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मूठ बघ बाळ. पात्याचा विचारच करू नकोस." मी धरला. गार होता, आणि उजेडात वळवला की त्यात गुलाबी, हिरवं काहीतरी हलायचं. आमचा गणवेश राखाडी, भिंती राखाडी, बाकं राखाडी. तेवढी एक वस्तू सोडून त्या शाळेत रंग म्हणून नव्हता. (त्याच सिस्टरनी आरोग्याच्या तासाला गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो हेही शिकवलं, आणि माणसाचा जबडा कसा बसतो ते स्वतःचा जबडा बसवून दाखवलं. मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. ही गोष्ट लक्षात ठेव, खाली लागणार आहे.)

तर माझ्या चाकूंची एक पेटी आहे. आत जांभळी मखमल, बेचाळीस कप्पे. पहिला कप्पा रिकामा. कुणी विचारलं तर मी म्हणते, "तो अजून मिळायचाय." गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ज्येष्ठांच्या छंदांचं प्रदर्शन भरलं. भरवणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षिका. आवाज असा, की त्या "बसा" म्हणाल्या तर उभी असलेली खुर्चीसुद्धा बसेल. पेटी पाहून त्या म्हणाल्या, "हे काय? पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय. उद्या येताना हा कप्पा भरून आणा." मी त्यांना नाही म्हणू शकले नाही. (तू म्हणशील, कुणाला म्हणू शकली आहेस?) घरी बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी, एक चाकू होता. तो काढला, पहिल्या कप्प्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी टेबलामागे बसले.

समोरच्याच टेबलावर जुने लंबक आणि चाव्या मांडून आमच्या कोपऱ्यावरचे घड्याळजी बसले होते. मी दिवसभर त्यांच्याकडे न बघण्याचं काम केलं. मी वर्तमानपत्र आडवं धरून वाचत होते. (ते उलटं आहे, हे यांनी चहा घेऊन आल्यावर सांगितलं.) दुपारी गर्दी ओसरल्यावर घड्याळजी उठले, सरळ माझ्यापाशी आले, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिल्या कप्प्यातला चाकू उचलला.

"बाई, हा कुणाचा?"

मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. त्यांनी चाकू उलटा केला, मुठीतल्या दुसऱ्या पितळी खिळ्यावर अंगठा दाबला आणि नखाने पातं उघडलं. खट्! मी खुर्चीसकट मागे गेले. त्यांनी तो उघडा चाकू मखमलीवर ठेवला, मला काही ऐकवलं (ते खाली येतं) आणि स्वतःच्या टेबलाशी जाऊन लंबक पुसायला लागले.

तो चाकू बंद होत नाही, दादा. चित्रकलाबाईंनी दाबून पाहिला, वाचनालयाच्या शिपायाने पाहिला. शेवटी आम्ही तो टॉवेलात गुंडाळून, केकच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी आणला. हे पुढे चालत "जरा बाजूला व्हा" म्हणत होते आणि मी मागून खोकं दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरून. लोकांना वाटलं, आत साप आहे. घरी आल्यावर टेबलावर ठेवला, वर मोठी चाळणी पालथी घातली, चाळणीवर शब्दकोश. हे म्हणतात, "अगं, तो उडणार आहे का?" पण चहा तेही खिडकीत उभं राहूनच पितात. नकाशा कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस; आता रोज चाळणी उचलून पट्टीने मापं घेतात आणि चाकूचे आडवे-उभे छेद काढतात. भिंतीवर चार आराखडे लागलेत. मला चाळणीच्या भोकांतून पात्याची रेघ दिसते. भाजी निवडताना दिसते, पाठ केली तरी दिसते.

असो. तुझा वेळ फार घेतला. तब्येतीला जप आणि कठडा धर. वहिनींच्या हातचं लोणचं संपलं, हे त्यांना सहज म्हणून सांग.

तुझी,
भित्रीबाई

ता. क. रविवारी चार वाजता येऊन तेवढा चाकू बंद करून देशील का? दीड तासाचा तर रस्ता. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. तूच का, असं तू विचारशील, म्हणून लिहिते. आता खाली बसून लिहितेय. तो चाकू तुझा आहे. तपकिरी शिंगाची मूठ, उजेडात धरली की कोऱ्या चहासारखी दिसणारी, टोकाशी टवका उडालेला. तू तेरा वर्षांचा होतास, मी नऊ. शनिवारी तू आणि तुझा जिवलग दोस्त टिकटिक त्या चाकूने अंगठे कापून रक्तात रक्त मिसळणार होतात, म्हणजे जन्मभराचे भाऊ झालात. मी पाण्याच्या टाकीमागून ऐकलं. पात्यावर गंज होता, दादा. आणि आदल्याच दिवशी सिस्टरनी जबडा बसवून दाखवला होता. शुक्रवारी संध्याकाळी मी तो तुझ्या दप्तरातून काढला. शनिवार टळला की परत ठेवायचा, असं ठरवलं होतं. पण शनिवारी सकाळीच तू टाकीपाशी कोर्ट भरवलंस. "काल चाकू शेवटचा तुझ्या हातात होता," असं तू टिकटिकला म्हणालास. तो म्हणाला, "मी नाही घेतला." एकदाच म्हणाला. तू त्याला चोर म्हणालास आणि तो निघून गेला. मी टाकीमागे होते, चाकू माझ्या मोज्यात होता. तुमच्या दोघांच्या जबड्यांना काही होऊ नये म्हणून मी घेतला, आणि तुम्ही सत्तावन्न वर्षं एकमेकांशी तोंड उघडलं नाहीत. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तू वकील झालास, मग न्यायाधीश. मग तर सांगायची सोयच उरली नाही. तुझा पहिलाच निकाल चुकला होता, आणि तो माझ्यामुळे.

ता. क. ३. कोपऱ्यावरचे घड्याळजी म्हणजे टिकटिक. वडिलांचाच धंदा धरलाय त्याने. या चाकूत घड्याळाच्या स्प्रिंगची खिट्टी त्यानेच बसवली होती, म्हणून तो तुम्हा दोघांशिवाय कुणाला बंद करता येत नाही. मला म्हणाला, "अगं भित्रे, अकरा वर्षं माझं दुकान आलं की तू रस्ता ओलांडतेस. मला वाटायचं, तूही मला चोरच समजतेस." आणि मग म्हणाला: "मला बंद करता येतो. पण मी करणार नाही. तुझ्या दादाला बोलव, त्याला येतो." तेव्हा रविवारी चारला तोही येणार आहे. काय शिक्षा द्यायची ती दे, पण समोर येऊन दे. फोनवर नको, मी पडेन.

ता. क. ४. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडावं लागलं. आज सकाळी यांनी पाचव्या आराखड्यावरून खिट्टी शोधली आणि चष्म्याच्या काडीने दाबून चाकू बंद केला. मला बोलावून म्हणाले, "हे बघ, झालं! आता दादांना कशाला उगाच त्रास?" आणि टेबलावर बसून आठ दिवसांनी पोटभर जेवले.

ते जेवून पेपर घेऊन गच्चीत गेल्यावर मी चाकू उचलला, दुसऱ्या खिळ्यावर अंगठा दाबला, मूठ बघितली, पात्याचा विचार केला नाही, आणि नखाने ओढला. उघडला. आयुष्यात मी उघडलेला हा पहिला चाकू. अंगठ्याला जरासं लागलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. यांना वाटतंय, आपल्या आराखड्यात चूक राहिली. बिचारे सहावा काढतायत. तू काही बोलू नकोस.

चाळणी परत जागेवर आहे. चार वाजता ये. माझ्या घड्याळातले नव्हे, खरे चार.