बदामाच्या दुधाची वाटी

चैत्र वद्य पंचमी, मंगळवार, संध्याकाळ

पिल्लाची चोच दोन बोटांनी फाकवून वस्ताद दूध ओततच होते. मी तालमीत पोहोचलो तेव्हा पितळी वाटी अर्धी रिकामी झाली होती. रंकाळ्याकाठच्या आंब्यावरून गरुडाचे पिल्लू दुपारच्या वाऱ्यात खाली पडले होते आणि पैलवानांनी ते उचलून तालमीत आणले होते.

"वस्ताद, त्याला मासा लागतो," मी म्हणालो.

"मास्तर, दोन महिनं झाडाखाली नुसतं लिवत बसलासा. आता आमचा खुराक बघा की! बदाम हाय, तूप हाय. आठ दिसांत जोर काढंल गडी."

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

दोन महिने त्याचा घास न् घास वहीत टिपला आहे. दूध त्याला सोसणार नाही, हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होते. वाटी हिसकावून घ्यायला हवी होती. मी एकदाच बोललो, तेही हळू. वस्तादांचा मान राखला म्हणे!

थोड्या वेळाने पिल्लाच्या छातीत घरघर सुरू झाली. दिवेलागणीला त्याने मान टाकली. वस्ताद पंच्याने डोळे पुसत होते. "लेकरावानी पाजलं की हो, मास्तर." त्यांच्यावर रागावताही येत नाही.

वाटी तिथेच होती. तळाशी बदामाचा चोथा.

बुधवार, सकाळ

आंब्यावर मादी मासा घेऊन आली. तो घरट्यात ठेवून शेजारच्या फांदीवर बसली. मी शाळेला निघालो तेव्हा मासा तसाच होता.