आख्खं आभाळ आणि दोन एकर

पर्थ, ऑस्ट्रेलिया

प्रिय हेमकांतदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे.

माझी तब्येत ठीक आहे. स्वयंपाक रोज घरी करते, आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे? आपल्या कोरीट गावच्या मळ्यातली केळी निसवली का, घड बाहेर पडले का?

परवा तू म्हणालास, "मयूरी, तुले तं आख्खं आभाय शे, आठला दोन एकरनं काय करशी?" इथल्या दोन एकरांचं मी काय करणार, या प्रश्नावर तुझ्याजवळ बसलेले सगळे हसले, ते मला ऐकू आलं.

तर माझं आभाळ ऐक. आम्ही रेडिओ दुर्बिणीने हायड्रोजन वायूचं एक कवच मोजतो आहोत. मोठे तारे फुटले, त्यांनी भोवतालचा वायू दूर लोटला, त्याचं हे कवच झालं. ते ओलांडायला प्रकाशालाही हजार वर्षं लागतात. आत जवळजवळ काहीच नाही. पाय टेकायला एक ढेकूळ नाही, दादा. माझी इथली नोकरीही मार्चमध्ये संपते. हे आईला सांगू नकोस.

बाबांच्या माघारी त्या दोन एकरांवरचा माझा हक्क सोडल्याची सही तुला हवी आहे. सही करणाऱ्या बहिणीला साडी नेसवायची आपली रीत, म्हणून वहिनीने पैठणी आणूनही ठेवली. आईनेही मामासाठी अशीच सही केली होती. तेव्हा मिळालेली साडी तिच्या पेटीत आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. ती कधीच का नेसली नाही, हे तिला समोर बसून विचार.

ती सांगेल तेच माझं उत्तर. पैठणी दुकानात परत दे.

तुझी बहीण,
मयूरी