पातेलेभर सोयाबीन

उल्हासनगर, सोमवार, सायंकाळ.

डॉक्टर म्हणाले, "काका, अंगात ताकद हवी, सोयाबीन खात जा, प्रथिने भरपूर असतात." हिच्या पश्चात स्वयंपाक मीच करतो. दोन ओंजळी वड्या गरम पाण्यात घातल्या, तर फुगून पातेलेभर झाल्या. इतक्या फुगतात, हे मला कोणी सांगावे? घट्ट पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा केला. उत्तम झाला, हे मान्य करावेच लागेल. परंतु एकट्याने पातेलेभर वड्या...

शेजारच्या सिंधी कुटुंबाकडे डबा भरून नेला. सारी मंडळी जेवावयास बसली होती. त्यांच्या सूनबाई हसल्या. "अंकल, एवढं? घरात बारात आली काय? बसा ना, इथेच खा आमच्यासोबत!"

"नको, माझे जेवण झाले आहे," असे मी म्हणालो. का म्हणालो? झाले नव्हते.

"अच्छा, ठीक आहे," म्हणून त्यांनी डबा ठेवून घेतला.

आमच्यात पहिल्या बोलावण्याला कोणी पानावर बसत नाही. यजमानाने पुन्हा आग्रह करावयाचा, मग बसावयाचे. त्यांच्यात तशी रीत नसावी. दारात चपला घालण्यास मी पुष्कळ वेळ लावला.