ओढ्याकाठचा समास

प्रिय गुंड्या,

आठवतं, शाळेतून आलो की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण अभ्यासाला बसायचो? समास सोडला नसेल तर कॉन्व्हेंटातल्या सिस्टर वही हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत. तू मात्र पान फुकट जातं म्हणून अगदी कडेपर्यंत अक्षरं कोंबायचास. मग मीच माझ्या लाकडी फुटपट्टीने तुझ्या वहीत समास आखून द्यायचे. जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून लिहिणारा तू अजून डोळ्यांसमोर येतोस. किती गोड दिसायचास!

आता पन्नाशी उलटली, तरी कड सोडवत नाही तुला. सरकारने सांगितलं ते एवढंच, की ओढ्याचा काठ नांगरू नका, झाडं लावा, माती वाहून जाऊ देऊ नका. त्याबद्दल दरवर्षी पैसेही दिले. तू पैसे घेतलेस आणि नांगर थेट पाण्यापर्यंत नेलास. तपासणीच्या आदल्या दिवशी फांद्या तोडून चिखलात खोचायच्या, ही तुझी वृक्षलागवड! आणि तो साहेब तरी काय, बूट खराब होतील म्हणून त्याने गाडीतूनच तुझं जंगल पाहिलं, चहा ढोसला आणि वर तुला प्रशस्तिपत्र मिळवून दिलं. ते तू बैठकीत बाबांच्या फोटोच्या वर टांगलंस म्हणे. वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले, पण मग जेवण गेलं नाही.

बरं, लबाडी करायची तर धड तरी करावी. लांब जायचा कंटाळा, म्हणून ओढ्यातल्याच वाळुंजाच्या फांद्या तोडल्यास. ओल्या मातीत वाळुंज मुळं धरतं, हे शेतकऱ्याच्या मुलाला कळू नये? पुढे तुझी कंबर धरली, नांगर घरी राहिला आणि फांद्यांना पालवी फुटली. तुझ्या लेकीने भोवती काट्यांचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, शेळ्या हाकलल्या. मी आले तेव्हा ती मला तिथे घेऊन गेली. झाडं आता डोक्यावरून जातील एवढी झालीत. म्हणाली, "आत्या, बाबांनी जन्मात लावलेली ही पहिलीच झाडं. तीही चुकून!" खाली पाणी नितळ होतं. आपण लहानपणी पाय बुडवून बसायचो, तसं.

यंदा योजना बंद झाली. पैसे थांबले आणि तुझी कंबर लगेच बरी झाली, हे औषध डॉक्टरांना कळवायला हवं. आता तुला ती झाडं तोडून पुन्हा नांगर फिरवायचाय. काठ कसतोस तू, पण बाबांनी तो माझ्या नावे ठेवला, म्हणून हक्कसोडाचे कागद आलेत. सोबत तुझी चिठ्ठी, "ताई, त्या चिखलाचं तू काय करणार?" मी सही करणार नाही. काल वकिलांकडे जाऊन काठ तुझ्या लेकीच्या नावे करून आले. बाबांचा फोटो वहिनीने माझ्याकडे पाठवावा. ओढ्याकडच्या फाटकाची किल्ली वहिनीकडे राहील, तुझ्याकडे नाही. प्रशस्तिपत्र तुझ्याकडेच ठेव, खिळा रिकामा दिसायला नको. आणि पाकिटात माझी लाकडी फुटपट्टी आहे, तीही तुला. कडा झिजल्यात, पण रेघ अजून सरळ येते.

तुझीच,
ताई